उरलेल्या दोन गोळ्यांचा हिशोब

मलेरियावर लस आली, आता प्रतिबंधक गोळ्यांची गरज संपली, असा सूर बातम्यांमधून ऐकू येतो. तो साफ चुकीचा आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या माली आणि बुर्किना फासो या देशांतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. नुसत्या गोळ्या घेणाऱ्या मुलांपेक्षा गोळ्या आणि लस दोन्ही मिळालेल्या मुलांमध्ये मलेरिया 60 टक्क्यांहून अधिक कमी आढळला. नुसत्या लसीपेक्षाही ही जोडी सरस ठरली.

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला लागून असलेल्या साहेल पट्ट्यातल्या या देशांत मलेरियाचा बहुतेक कहर पावसाळ्यात होतो. त्या महिन्यांत 3 ते 59 महिन्यांच्या मुलांना दर महिन्याला औषध द्यावं, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2012 मध्ये केली. पूर्ण कोर्स पोटात गेला तर मलेरियाचे सुमारे तीन-चतुर्थांश आजार टळतात. गोम आहे ती त्या ‘पूर्ण’मध्ये. पहिल्या दिवशी आरोग्यसेविका सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिनची एकमेव मात्रा आणि अमोडायाक्विनची पहिली गोळी स्वतःसमोर देते. अमोडायाक्विनच्या आणखी दोन गोळ्या पुढचे दोन दिवस घरी द्यायच्या असतात. मूल तर हसतंखेळतं असतं. मग वाटतं, राहू दे, ताप आला की देऊ.

त्या दोन गोळ्या राहिल्या तर काय होतं? डास चावल्यावर मलेरियाचा परजीवी आधी यकृतात जातो, आठवडाभर तिथे वाढतो आणि मग हजारोंच्या संख्येने रक्तात उतरून लाल पेशींत शिरतो. तिथे तो हिमोग्लोबिन खातो. त्यातून सुटणारं हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग, त्याला विषारी असतं, म्हणून तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवून ठेवतो. अमोडायाक्विन नेमकं हे स्फटिक बनणं रोखतं आणि परजीवी स्वतःच्याच अन्नातल्या विषाने मरतो. औषधशास्त्रात इतकी देखणी युक्ती मला क्वचितच दिसते.

पण त्यासाठी परजीवी रक्तात उतरेल तेव्हा औषध तिथे हजर हवं. गोळीतलं अमोडायाक्विन काही तासांतच यकृतात बदलून डेसइथाइल-अमोडायाक्विन बनतं, आणि महिनाभराची राखण मुख्यतः तेच करतं. त्याचं अर्धायुष्य ढोबळमानाने 10 दिवस धरू, म्हणजे दर 10 दिवसांनी रक्तातलं प्रमाण निम्मं होतं. तीनऐवजी एकच गोळी दिली तर सुरुवातच एक-तृतीयांश पातळीवर होते. पूर्ण कोर्सनंतर पातळी निम्मी होत होत एक-तृतीयांशावर यायला 1.58 अर्धायुष्यं लागतात, म्हणजे साधारण 16 दिवस. दोन गोळ्या चुकल्या की या औषधाचं पंधरवडाभराचं संरक्षण गेलं! दुसरं औषध, सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन, रक्तात असतं खरं, पण जनुकीय बदलांमुळे अनेक ठिकाणचे परजीवी त्याला पूर्वीसारखी दाद देत नाहीत.

पूर्वी अमोडायाक्विनची गोळी कुटून द्यावी लागे आणि ती जहाल कडू असे. औषध जितकं कडू तितकं गुणकारी, ही समजूत निराधार आहे. परजीवीला चव कळत नाही; कळते ती मुलाला, आणि ते थुंकतं. आता पाण्यात विरघळणारी गोडसर गोळी मिळते. चमचाभर स्वच्छ पाण्यात ती पूर्ण विरघळू द्यावी, मुलाला मांडीवर ताठ बसवावं आणि थोडं थोडं पाजावं. तळाशी गाळ राहिला तर आणखी पाणी घालून तोही द्यावा. नाक दाबून किंवा आडवं निजवून पाजू नये, औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती मात्रा गेलीच समजायची आणि आरोग्यसेविकेला सांगून दुसरी घ्यायची.

तापासाठी म्हणून गोळ्या जपून ठेवण्याचाही उपयोग नाही. मलेरिया झाल्यावर उपचाराची औषधं वेगळी असतात. ताप असलेल्या मुलाचं आधी रक्त तपासावं लागतं. मागच्या महिन्यातल्या एक-दोन गोळ्यांनी तो मलेरिया बरा होत नाही, आणि तपासणीला मात्र उशीर होतो.