घरांच्या भावाची रेघ वाचताना

ठाण्यात घोडबंदर रोडवर फ्लॅट बघायला गेलं की सेल्स ऑफिसातला मुलगा हमखास एक आलेख पुढे सरकवतो. रेघ डावीकडून उजवीकडे चढत गेलेली आणि वर शीर्षक, 'भारतातील घरांच्या किमती'. रेघ खोटी असेलच असं नाही, पण ती नेमकी कशाची, हे विचारून घ्यावं.

रिझर्व्ह बँक दर तिमाहीला घरांच्या किमतींचा निर्देशांक काढते. २०१०-११ हे वर्ष १०० धरलेल्या मालिकेत दहा शहरं होती: मुंबई, दिल्ली, बंगळुरू, चेन्नई, कोलकाता, अहमदाबाद, लखनौ, जयपूर, कानपूर आणि कोची. यांच्या भारित सरासरीला, म्हणजे प्रत्येक शहराला ठरावीक वजन देऊन काढलेल्या सरासरीला, म्हणायचं 'अखिल भारतीय'! नॅशनल हाउसिंग बँकेचा असाच निर्देशांक, 'रेसिडेक्स', ५० शहरांचा आहे; त्यात २०१७-१८ = १००, आणि ठाणे व नवी मुंबई दोन्ही स्वतंत्रपणे मोजली जातात. हे आकडे कुणालाही पाहता येतात. एक्सेलमध्ये भरले की आलेख घरच्या घरी तयार होतो.

गल्लत सुरू होते ती इथे. एका शहराची रेघ १४० वर आणि दुसऱ्याची १२० वर असली, म्हणून पहिलं शहर महाग ठरत नाही. आपापल्या २०१७-१८ च्या भावापेक्षा प्रत्येक शहर किती वर गेलं, एवढंच त्यातून कळतं. पायाभूत वर्ष बदललं की त्याच रेघा भलत्याच ठिकाणी एकमेकींना छेदतात. शिवाय महागाई वजा केलेली नसते. घरांचा निर्देशांक १०० वरून १५० झाला आणि त्याच काळात ग्राहक किंमत निर्देशांकही तेवढाच वाढला, तर घर खऱ्या अर्थाने महागलेलंच नाही.

मग सरळ सरासरी किंमतच का काढू नये? हिशेबापुरतं समजा, एका तिमाहीत ठाण्याजवळच्या दिवा गावी ५० लाखांची आठ घरं विकली गेली आणि घोडबंदरला २ कोटींची दोन. सरासरी ८० लाख. पुढच्या तिमाहीत दोन्हीकडे भाव उतरले: दिव्याला ४८ लाख, घोडबंदरला १ कोटी ९० लाख. पण या वेळी दोन्हीकडे पाच-पाच घरं विकली गेली. सरासरी निघते १ कोटी १९ लाख! एकही घर महागलं नाही, तरी बातमी 'भाव जवळपास दीडपट'. म्हणून निर्देशांक काढताना घरांचे गट पाडतात. रेसिडेक्समध्ये ते चटई क्षेत्रानुसार आहेत: ६० चौरस मीटरपर्यंत, ६० ते ११० आणि त्याहून मोठी. प्रत्येक गटाचं वजन ठरवून ठेवलं की महाग घरं जास्त खपल्याने रेघ उगाच उडी मारत नाही. तरीही एक फट उरतेच. रेसिडेक्सचा एक निर्देशांक बँकांनी कर्ज देताना केलेल्या मूल्यांकनावर चालतो; कर्जाशिवाय घेतलेलं घर त्यात येणार कुठून?

रंगवलेले जिल्हावार नकाशे तर मला मुळीच पटत नाहीत. ४५ हजार चौरस किलोमीटरहून मोठा कच्छ नजर खेचून घेतो आणि मुंबई शहर जिल्हा शोधावा लागतो, व्यवहार कुठेही जास्त होवोत. त्यापेक्षा व्यवहारांच्या संख्येइतकी लहानमोठी वर्तुळं काढलेली बरी.

आपल्याकडे सगळ्यात खमंग माल आहे तो नोंदणी विभागाच्या सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे आपल्या 'इंडेक्स टू'त, नोंदवलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यात. त्यात मोबदला (सौद्यात ठरलेली रक्कम) आणि बाजारभाव (सरकारी दराने धरलेली किंमत) वेगवेगळे लिहिलेले असतात, क्षेत्रफळ असतं आणि तारखा दोन असतात: दस्त करून दिल्याची आणि नोंदणीची. या दोन तारखांमध्ये चार महिन्यांपर्यंत अंतर कायद्याला चालतं. मासिक आलेखात हे अंतर फार घोळ घालतं. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी घटवलं, ३१ डिसेंबरपर्यंत. पुढे मार्च २०२१ अखेरपर्यंत सवलत २ टक्क्यांवर आली. साहजिकच डिसेंबरात दस्तांची झुंबड उडाली. त्यातले काही दस्त नोंदणीच्या तारखेने पुढच्या महिन्यांत सरकतात आणि जानेवारी-फेब्रुवारीतही मागणी टिकून होती असा भास होतो. लोकांनी सौदा कधी ठरवला हे बघायचं असेल, तर दस्त करून दिल्याची तारीखच आडव्या अक्षावर घ्यावी. आणि डिसेंबर २०२० च्या सुळक्याशेजारी 'मुद्रांक सवलत' अशी दोन शब्दांची चिठ्ठी आलेखातच लिहावी. नाहीतर पुढे कुणीतरी त्याला तेजी म्हणून मोकळा होईल.