वंशागत अटॅक्सिया : तोल जाण्याआधीची लक्षणे

लहान मेंदू झिजत गेल्याने तोल जातो, जीभ अडखळते, हाताचा नेम चुकतो. याला अटॅक्सिया म्हणतात. स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया (एससीए) हे त्याचे काही वंशागत प्रकार. सदोष जनुक आई किंवा वडील एकाकडून आले तरी पुरते, त्यामुळे प्रत्येक अपत्याला धोका निम्मा. निदान बहुधा चाल बिघडल्यावर होते, पण आजार त्याआधीच दुसऱ्या दाराने आलेला असतो.

एससीए-२ मध्ये पोटरीत वारंवार गोळे येतात आणि त्यावर वर्षानुवर्षे कॅल्शियमच्या गोळ्या चालतात. खरी खूण डोळ्यांत सापडते. रुग्णासमोर दीडेक फूट अंतर ठेवून एका बाजूला पेन, दुसऱ्या बाजूला बोट धरावे आणि आळीपाळीने पाहायला सांगावे. निरोगी बुबुळ उडी मारते. येथे ते हळू सरकताना दिसते. मान वळवून किंवा पापणी मिटून रुग्ण ही उणीव नकळत झाकतो, म्हणून हनुवटी धरून ठेवावी. क्यूबातील होल्गीन प्रांतात हा प्रकार विशेष आढळतो.

एससीए-१२ चे पहिले वर्णन १९९९ मधले, जर्मन वंशाच्या अमेरिकी कुटुंबातले; पण बहुतेक रुग्ण भारतात, विशेषतः अगरवाल समाजात सापडले. सुरुवात हाताच्या कंपाने होते : कप धरताना, सही करताना. साध्या कंपाचे (इसेन्शियल ट्रेमर) लेबल लागते आणि तपास तिथेच थांबतो.

एससीए-७ लहान वयात आला तर नजर आधी जाते. निळ्या-पिवळ्या छटांत गोंधळ होतो, चष्म्याचा नंबर बदलूनही दिसत नाही. आईवडील ठणठणीत असतानाच मूल आजारी पडू शकते, कारण जनुकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या अक्षरांची माळ पिढीगणिक लांबत जाते. एससीए-६ मध्ये मान झटकन वळवली की क्षणभर गरगरते.

कुटुंबाचा इतिहास विचारताना 'अटॅक्सिया होता का?' हा प्रश्न निरुपयोगी. 'न पिताही झिंगल्यासारखे कोण चालायचे?' असे विचारावे.

सुरुवातीला एमआरआय निर्दोष येऊ शकतो. एक्झोम तपासणीतही (जनुकांचा प्रथिने घडवणारा भाग वाचणारी चाचणी) हे प्रकार बऱ्याचदा निसटतात, कारण दोष सीएजी या डीएनएच्या तीन अक्षरांच्या लांबलेल्या माळेत असतो : एससीए-२ ला ३३, एससीए-६ ला अवघ्या २० पुनरावृत्ती पुरतात. त्या मोजणारी चाचणी नाव घेऊनच मागवावी लागते. लक्षणे नसलेल्या अल्पवयीन मुलांची मात्र ती करत नाहीत. आजार रोखणारे औषध अजून नाही.