डॉलहाऊसची डागडुजी आणि सजावट

डॉलहाऊस म्हणजे बाहुलीघर. पण आपल्याकडे बाहुलीघर म्हटलं की बुटांच्या खोक्यात रुमालाची गादी करून झोपवलेली बाहुली आठवते, इथे ते नाही. इथे बोलायचंय ते तीन-चार फूट उंचीच्या, दोन-तीन मजली लाकडी घराबद्दल, ज्याला जिना असतो, उघडणाऱ्या खिडक्या असतात, पोटमाळा असतो, आणि जे कुणाच्यातरी माळ्यावर नाहीतर गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं धूळ खात पडलेलं असतं, मग एक दिवस कुणीतरी ते खाली उतरवतं आणि घरच्या घरी नीट करायला घेतं. इंग्लंड, जर्मनी, नेदरलँड्स, अमेरिका इथे हा चांगला मुरलेला छंद आहे आणि तो करणारी बहुतेक मोठी माणसं असतात. मुलांना उलट बऱ्याच ठिकाणी हात लावू देत नाहीत.

तसं बघितलं तर हे प्रकरण खेळणं म्हणून सुरूच झालेलं नाही. बव्हेरियाचा ड्यूक आल्ब्रेख्ट पाचवा याने १५५७-५८ च्या सुमाराला म्युनिकमध्ये असं एक घर बनवून घेतलं, ते थेट त्याच्या कलावस्तूंच्या संग्रहात गेलं आणि १६७४ च्या आगीत जळालं. न्यूरेंबर्गच्या आना क्योफर्लिन या बाईंनी १६३१ मध्ये आपलं मोठं बाहुलीघर लोकांना बघायला ठेवलं आणि वर एक छापील पत्रकही काढलं, की पोरींनो बघा आणि संसार नेटका कसा ठेवायचा ते शिका. अ‍ॅमस्टरडॅमच्या पेट्रोनेला ओर्टमनचं घर (साधारण १६८६ ते १७१०) कासवाच्या कवचाने मढवलेल्या कपाटात आहे, आज ते राइक्सम्युझियममध्ये बघायला मिळतं. त्यावर २० ते ३० हजार गिल्डर (तेव्हाचं डच नाणं) खर्च झाले असं सांगतात, तेवढ्यात त्या काळी कालव्याकाठी राहायचं खरं घर आलं असतं.

या सगळ्यात गाजलेलं म्हणजे इंग्लंडच्या विंडसर कासलमधलं क्वीन मेरीचं, म्हणजे राजा पाचवा जॉर्ज याच्या राणीचं डॉलहाऊस. ते १९२१ ते १९२४ मध्ये तयार झालं आणि आर्किटेक्ट कोण, तर एडविन ल्युटियन्स, म्हणजे आपल्या ल्युटियन्स दिल्लीवालेच. तिकडे दिल्लीत व्हाइसरॉयचा अवाढव्य वाडा उभा राहत होता आणि इकडे हा माणूस इंचाइंचाच्या खोल्या काढत बसला होता, मला ही गोष्ट भारी वाटते. नळाला पाणी येतं, संडासात फ्लश चालतो, लिफ्ट वरखाली होते, तळघरातल्या बाटल्यांत खरी वाइन आहे आणि लायब्ररीत त्या वेळच्या लेखकांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली काडेपेटीएवढी पुस्तकं आहेत. कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सची एक गोष्ट खास त्यासाठी लिहून दिली, बर्नार्ड शॉने मात्र चक्क नाही म्हटलं.

आता मुद्द्याचं. घर हातात आलं की पहिला प्रश्न रंग कुठला लावायचा हा नसतो. ते खरंच जुनं आहे, की जुन्या पद्धतीचं आहे, हा असतो. विंटेज आणि विंटेज स्टाइल हे बोलताना एकच वाटतात पण कामाच्या दृष्टीने एकदम उलटे आहेत. खऱ्या जुन्या घराची किंमत जे बदललेलं नाही त्यात असते, मूळ वॉलपेपर, मूळ रंग, अगदी मूळ ओरखडे सुद्धा, त्यामुळे तिथे जितकं कमी कराल तितकं चांगलं. विंटेज स्टाइल घर म्हणजे १९७० नंतर हा छंद परत जोरात आला तेव्हा किटमधून, म्हणजे खोक्यात सुटे भाग मिळतात त्यातून, जोडलेलं व्हिक्टोरियन किंवा जॉर्जियन (अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश) थाटाचं घर, ते मात्र बिनधास्त सोलून काढा, काही बिघडत नाही. लोक नेमकं उलटं करतात. शंभर वर्षांच्या घराला चकाचक पांढरा इमल्शन फासतात आणि किटच्या घराला हात लावायला घाबरतात.

ओळखायचं कसं याच्या काही खुणा पक्क्या आहेत. जर्मनीत सॅक्सनीमधल्या मारिएनबर्गच्या मॉरित्झ गॉटशाल्कची घरं लाकडावर लिथो कागद, म्हणजे दगडी छपाईचा रंगीत कागद, चिकटवलेली असतात, आधीच्या घरांचं छप्पर निळं आणि साधारण १९१० नंतरच्या घरांचं लाल, म्हणून संग्राहक नुसतं ब्लू रूफ, रेड रूफ असंच म्हणतात. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या ब्लिस कंपनीचीही अशीच कागदी सजावटीची घरं, त्यांच्यावर बऱ्याचदा पुढच्या दारावरच कंपनीचं नाव छापलेलं सापडतं. इंग्लंडमध्ये लाइन्स ब्रदर्सचं ट्राय-अँग, तीन भाऊ म्हणजे तीन रेषा आणि तीन रेषांचा त्रिकोण असं ते नाव, त्यांची १९३० च्या दशकातली खोट्या ट्यूडर (सोळाव्या शतकातल्या इंग्लिश) थाटाची घरं पत्र्याच्या खिडक्यांवरून लगेच कळतात. स्वीडनचं लुंडबी लहान मापाचं असतं. आणि किटचं घर कडांवरून कळतं, अमेरिकन ग्रीनलीफची पातळ प्लायची किट डाय-कट, म्हणजे साच्याने दाबून कापलेली असायची त्यामुळे खाचांपाशी लाकडाचे कुसळासारखे धागे निघालेले दिसतात. बांधणीत अजून एक फरक म्हणजे इंग्लिश घरं बहुधा समोरून कपाटासारखी उघडतात आणि अमेरिकन घरांची मागची बाजू सरळ उघडीच असते, त्यामुळे ठेवायची जागा आधी ठरवा, भिंतीला टेकवून की मधोमध फिरत्या पाटावर. दरवाजातून जाईल का तेही मोजा, हसू नका, नवीन छप्पर बसवून झाल्यावर घर खोलीबाहेर निघत नाही हे पुष्कळ जणांचं झालेलं आहे.

साफसफाई कोरडीच सुरू करायची. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर, त्याच्या तोंडाला जुना पातळ मोजा बांधून, म्हणजे सुटलेला दाराचा मोहरीएवढा नॉब आत जात नाही. लिथो कागदाला पाणी लावायचंच नाही, शाई आणि कागद दोन्ही जातात. बाकी ठिकाणी ओलं फडकं आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात फिरवून बघायचं. जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता असते, अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगातलं शिसं १९७८ मध्ये बंद झालं, म्हणून त्याआधीच्या घरावर कोरडा पॉलिश पेपर घासून भुकटी उडवायची नाही, घरात लहान मूल असेल तर अजिबातच नाही. लाकडात टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली बारीक पिठासारखा भुगा दिसला तर किडा अजून जिवंत असण्याची शक्यता आहे, त्याचा बंदोबस्त होईपर्यंत ते घर बाकी फर्निचरपासून लांब ठेवायचं.

मग सांधे. किटची घरं पुष्कळदा हॉट ग्लूने उरकलेली असतात आणि तो ग्लू वर्षांनी कडक होऊन सुटतो, भिंत हातात येते. घाबरायचं कारण नाही, उरलेला ग्लू आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून अलगद सोलता येतो, मग लाकडाचा पांढरा गोंद (आपल्या भाषेत फेविकॉल) लावून, काटकोन तपासून, शिकंजा नाहीतर नुसता मास्किंग टेप लावून रात्रभर सोडायचं. काटकोन चुकला तर पुढे प्रत्येक गोष्ट तिरकी जाते, दारं लागत नाहीत, जिना वरच्या मजल्याला टेकत नाही.

कामाचा क्रम इथे फार महत्त्वाचा, कारण एकावर एक थर चढतात. आधी लांबी (भेगा बुजवायची पुट्टी) आणि प्रायमर, मग वायरिंग, मग छत, मग वॉलपेपर, मग फरशी, आणि शेवटी स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी), चौकटी, जिना. वायरिंगला दोन पद्धती आहेत, एक साधी गोल वायर आणि दुसरी तांब्याची चपटी टेप, दोन समांतर पट्ट्यांची, जी भिंतीवर चिकटवून वरून वॉलपेपर लावला की दिसतच नाही, पाहिजे तिथे बारीक खिळ्यासारख्या पिना ठोकून दिवा जोडायचा. हे साधारणपणे १२ व्होल्टवर चालतं. पूर्वी गव्हाच्या दाण्याएवढे बल्ब असायचे, नावही ग्रेन ऑफ व्हीटच, ते तापायचे आणि उडायचे, आता एलईडीने ती कटकट गेली, फक्त पिवळसर उजेडाचा घ्या नाहीतर व्हिक्टोरियन दिवाणखान्याचं मेडिकल स्टोअर होतं.

जुन्या घरात मात्र ही टेप आणि पिना काही नाही. तिथे युक्ती अशी की भिंतीच्या मापाचा कार्डबोर्ड कापायचा, वॉलपेपर त्याच्यावर चिकटवायचा आणि तो नुसता भिंतीला टेकवून ठेवायचा. फरशीचंही तसंच. उद्या काढलं की मूळ घर जसंच्या तसं. वॉलपेपरचे जुने थर निघत असतील तर एकाखाली एक तीन-चार निघतात, प्रत्येक पिढीतल्या मुलीने आपापला लावलेला, ते सगळे ओरबाडून टाकण्याऐवजी कपाटामागे एखादा चौकोन तसाच ठेवतात.

लाकडी फरशीला आइस्क्रीमच्या किंवा कॉफी ढवळायच्या काड्या मस्त चालतात, पण रंग आधी द्यायचा आणि चिकटवायचं नंतर, कारण जिथे गोंद लागला तिथे वुड स्टेन (लाकडात मुरणारा पातळ रंग) शोषलाच जात नाही आणि पांढरे डाग राहतात. हे मी स्वतः एका अख्ख्या हॉलमध्ये करून बसले आहे, शेवटी त्यावर गालिचा टाकला. छपराच्या लाकडी शिंगल्सनाही, म्हणजे कौलांसारख्या छोट्या फळ्यांनाही, हाच नियम, वर त्या पाण्याच्या गोंदाने वाकड्या होतात म्हणून तिथे पाणी नसलेला गोंद लागतो. मोठ्या घराला शेकड्यांनी शिंगल्स लागतात, हे काम टीव्हीसमोर बसून करायचं.

फर्निचरचा सगळा खेळ मापाचा. आजचं रूढ माप १:१२, म्हणजे खऱ्या एका फुटाला एक इंच. साडेपाच फुटांचा माणूस साडेपाच इंच, १८ इंच उंचीची खुर्चीची बैठक दीड इंच, ३० इंचांचं टेबल अडीच इंच. क्वीन मेरीचं घर याच मापाचं आणि शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या ६८ थॉर्न रूम्स, म्हणजे सजवलेल्या छोट्या खोल्या, त्याही याच मापाच्या. फ्रान्सिस ग्लेसनर ली या बाईंनी १९४० च्या दशकात खुनाच्या तपासाचं ट्रेनिंग द्यायला जे छोटे छोटे गुन्ह्याचे देखावे बनवले, रक्ताच्या डागांसकट, ते सुद्धा १:१२ च. लुंडबीचं १:१८, बार्बीचं साधारण १:६, आणि हे एकमेकांत मिसळलं की डोळ्याला लगेच खटकतं. आपल्याला हे दिवाळीच्या किल्ल्यावरून चांगलंच माहीत आहे, महाराज किल्ल्याच्या बुरुजाएवढे आणि शेजारचा वाघ मावळ्यापेक्षा मोठा. किल्ल्यात ते गोड दिसतं, डॉलहाऊसमध्ये नाही.

खरी जुनी घरं मात्र या नियमाला जुमानत नाहीत, त्या काळी मुलींना जे मिळेल ते आत जायचं, त्यामुळे थुरिंगियातल्या वाल्टर्सहाउझेनची सोनेरी नक्षीची नाजूक खुर्ची आणि तिच्या शेजारी ढब्बू चहाची किटली असं मूळचंच असतं, आणि ते तसंच ठेवावं असं माझं मत. विंटेज स्टाइल घराला १९७० च्या दशकातली हाऊस ऑफ मिनिएचर्सची न फोडलेली किट अजून सापडतात, चिपेंडेल (जुन्या इंग्लिश थाटाचं) कपाट वगैरे, आपण जोडायची, आपण पॉलिश करायची.

कापड हे सगळ्यात अवघड. लाकूड बारा पट लहान केलं तर लहान लाकूड दिसतं पण कापड लहान होत नाही, त्याचं सूत तेवढंच जाड राहतं, म्हणून पडदे पत्र्यासारखे ताठ उभे राहतात. उपाय म्हणजे फोमच्या तुकड्यावर चुण्या टाचण्यांनी धरायच्या, पातळ गोंदाचं पाणी किंवा हेअरस्प्रे मारायचा आणि वाळू द्यायचं. जुनी मलमल, फाटलेला रेशमी रुमाल जसे चुणीत पडतात तसं नवीन कापड पडत नाही. कुणी मराठी घर करत असेल तर खणाची बारीक बुट्टी या मापाला चालून जाते, पैठणीचा मोर मात्र भिंतभर होतो.

आपली भातुकली इथे उपयोगी पडेल असं वाटतं, पण माप मोजून घ्या. भातुकलीतली पितळी घागर दोन-अडीच इंचांची असेल तर या स्वयंपाकघरात ती दोन-अडीच फुटांचा रांजण होते. सावंतवाडीची लाकडी खेळणी घेतानाही पट्टी खिशात ठेवावी. मुंबई-कोकणातल्यांनी अजून एक लक्षात ठेवायचं, एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) पावसाळ्यात कडांनी पाणी पितं आणि फुगतं, तेव्हा कापलेली प्रत्येक कड, अगदी तळाची सुद्धा, आधी सीलर लावून बंद करायची.

सामान जागेवर बसवायला गोंद वापरत नाहीत, म्युझियम वॅक्स या चिकट मेणाचा ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा पुरतो आणि निघतोही. ऊन थेट पडेल अशी जागा नको, छापील कागद आणि रेशीम दोन्ही विटतात. आणि काम झालं की कुठे काय बदललं, कुठला कागद मूळचा आणि कुठला नवा, हे सगळं एका कागदावर लिहून तारखेसकट घराच्या तळाला चिकटवतात, पेन्सिलीने, कारण पेनची शाई दमटपणात पसरते.