दोन पानं, एक फूल आणि निळ्या लिंका

१६ जानेवारीला फोंड्यात भाजी-पाव खाताना आमच्या टेबलावर दरवर्षीप्रमाणे १९६७चा ओपिनियन पोल, म्हणजे गोव्याचं सार्वमत, निघालाच. पानं म्हणजे गोवा वेगळा, फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन. ३४,०२१ मतांनी पानं जिंकली, पण घराघरात मोजणी अजून चालूच आहे. भाचा म्हणाला, मामा, मी विकिपीडियावर दोन्ही बाजू वाचून आलोय. म्हटलं, सुरुवात कुठून केलीस आणि पुढे क्लिक कशावर केलंस ते सांग.

कारण लिंक हा पणजीतल्या वन-वेसारखा प्रकार आहे, जायला मिळतं म्हणून परत यायला मिळेलच असं नाही. समजा एखाद्या वादात दोन्ही बाजूंचे शंभर-शंभर लेख आहेत. फुलवाल्या प्रत्येक लेखात दहा लिंका, त्यातल्या नऊ फुलांकडेच आणि एक पानांकडे, पानवाल्यांच्या मात्र पाच इकडे पाच तिकडे. आता एक माणूस डोळे मिटून क्लिक करत सुटला. फुलाकडून निसटायची शक्यता ०.१, पानांकडून ०.५, बऱ्याच वेळाने जाणारे-येणारे सारखे होतात, म्हणजे फुलाकडचा वेळ × ०.१ = पानांकडचा वेळ × ०.५, म्हणजे प्रमाण ५ ला १! लेख सारखेच, एक शब्द खोटा नाही, तरी सहातले पाच क्लिक एकीकडे. ही मार्कोव्ह साखळी, म्हणजे पुढची उडी फक्त आत्ता कुठे आहोत त्यावर ठरते, १९९८चं गूगलचं पेजरँक, म्हणजे पानांची क्रमवारी लावायची पद्धत, याच कल्पनेवर उभं आहे, फक्त त्यांचा माणूस साधारण १५ टक्के वेळा कंटाळून भलतीकडेच उडी मारतो.

खरा वाचक एवढा फिरतच नाही म्हणा. फुलाकडून निघून तीनच क्लिक केले तर ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे शंभरातले त्र्याहत्तर जण दुसरी बाजू न बघताच फोन खिशात टाकणार. त्यात क्लिक होतात ते वरच्या लिंकांवर. इंग्रजी विकिपीडियावर फेब्रुवारी २०१५ मध्ये टाकलेल्या सुमारे ८ लाख नव्या लिंकांपैकी ६६ टक्क्यांवर पुढच्या महिन्यात एकदाही क्लिक झालं नाही. तेव्हा तळाला 'हे सुद्धा पहा'मध्ये विरोधी लेख चिकटवून समतोल साधला म्हणणं जरा भाबडंच.

आणि यामागे व्हॉट्सॲपवर फिरते तसली कुठली लॉबी लागत नाही, लिहिणारा आपल्या ओळखीच्या लेखांनाच लिंक देतो, बस.

भाच्याच्या फोनची हिस्टरी उघडली. पाच लेख. चार एकाच बाजूचे, पाचवा फातोर्ड्याच्या स्टेडियमचा.