इंग्रजीतील मुख्य व गौण उपवाक्यांचे अध्यापन : इयत्ता सहावी ते आठवी

इंग्रजी मिश्र वाक्यात एक उपवाक्य स्वतःच्या पायावर उभे असते आणि दुसरे त्याला टेकून राहते. पहिल्याला मेन क्लॉज, दुसऱ्याला सबॉर्डिनेट क्लॉज म्हणतात. मराठी व्याकरणातले प्रधान वाक्य आणि गौण वाक्य ते हेच. महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवले जाते, त्यामुळे सहावीतल्या मुलाजवळ शब्द बऱ्यापैकी साठलेले असतात. गाडी अडते ती दोन वाक्ये जोडताना. नागपुरात हे विशेष जाणवते, कारण इथल्या मुलाच्या कानावर घरी मराठी आणि रस्त्यावर हिंदी असते, आणि दोन्ही भाषा जोडशब्द जोडीने वापरतात : जेव्हा–तेव्हा, जब–तब. इंग्रजीत बहुतेक वेळा जोडीतला एकच शब्द येतो. या घटकातल्या निम्म्या चुका इथेच उगवतात, आणि शिकवण्याची सोपी वाटही इथूनच जाते.

क्रियापद आधी

जोडशब्दांच्या यादीने सुरुवात करू नये. यादी पाठ केलेला मुलगा ‘आफ्टर’ दिसला की उपवाक्य सापडले म्हणतो. पण ‘आफ्टर द मॅच’ हा नुसता पदसमूह आहे, त्यात क्रियापद नाही; ‘आफ्टर द मॅच एंडेड’ हे उपवाक्य. ‘बिफोर’, ‘सिन्स’, ‘अंटिल’ यांचेही तसेच. म्हणून आधी काळ दाखवणारी क्रियापदे अधोरेखित करून घ्यावीत. ‘वॉज रेनिंग’ हे एकच मोजायचे, ‘टू प्ले’ मोजायचे नाही. दोन कर्ते आणि त्यांची दोन क्रियापदे सापडली की मग जोडशब्दाभोवती गोल करायचा आणि तो कोणत्या क्रियापदाला बांधलेला आहे ते पाहायचे.

‘मुख्य’ या शब्दाने मुले हमखास फसतात. ‘आय वॉज बॉइलिंग मिल्क व्हेन द सिलिंडर कॉट फायर’ यात आग ही मोठी बातमी, तरी ती गौण उपवाक्यात आहे. महत्त्व, लांबी, आधी-नंतरची जागा यांपैकी कशानेही मुख्य-गौण ठरत नाही. त्यामुळे ‘मुख्य’बरोबर ‘स्वतंत्र’ हा शब्द पहिल्याच दिवशी द्यावा.

पट्ट्यांचा तास

एका तासिकेत जमणारा आणि मुलांच्या खरोखर लक्षात राहणारा प्रयोग हा. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूच्या लांब पट्ट्या कापाव्यात. अक्षर मागच्या बाकावरून वाचता आले पाहिजे. मुख्य उपवाक्य निळ्या मार्करने, गौण लाल मार्करने लिहावे. जोडशब्द लाल पट्टीवरच, अगदी सुरुवातीला लिहावा. तो वेगळ्या चिठ्ठीवर लिहिला की प्रयोग बिघडतो : मुले त्याला ‘अँड’सारखा दोहोंच्या मधला खुंटा समजतात आणि पट्ट्यांची अदलाबदल झाली तरी तो मध्येच ठेवतात. स्वल्पविराम मात्र वेगळ्या कार्डावर हवा.

निळी पट्टी ‘वी स्टेड इन द क्लासरूम’, लाल पट्टी ‘बिकॉज इट वॉज रेनिंग’. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. हे वाक्य तेव्हा खिडकीबाहेरच दिसते. दोन मुले पट्ट्या धरून उभी राहतात, तिसऱ्याकडे स्वल्पविराम. लाल पट्टी पुढे आली की स्वल्पविरामवाल्याने मध्ये उभे राहायचे. ती मागे गेली की त्याने खाली बसायचे. चार-पाच अदलाबदलींत नियम पायांनी पाठ होतो. (‘दो’ म्हणजे though, ‘जरी’; तो जोडलेले उपवाक्य शेवटी आले तरी स्वल्पविराम बरेचदा देतात, हे शिक्षकाने जाणावे, सहावीला सांगायची घाई नको.)

अदलाबदलीत एक खड्डा आहे. ‘व्हेन नेहा रीच्ड अजनी, शी कॉल्ड हर मदर’ हे नुसते उलटवले तर ‘शी कॉल्ड हर मदर व्हेन नेहा रीच्ड अजनी’ होते आणि फोन करणारी नेहा नसून दुसरीच कोणी वाटते. नाव पहिल्या भागात, सर्वनाम दुसऱ्यात, हे पट्टीवर खोडूनच दाखवावे.

जोडीतला दुसरा शब्द

‘दो इट वॉज हॉट, बट वी प्लेड’, ‘बिकॉज द बस वॉज लेट, सो आय मिस्ड द टेस्ट’, ‘व्हेन द बेल रँग, दॅट टाइम वी केम आउट’. तिन्ही चुकांत मराठी-हिंदीतला दुसरा शब्द इंग्रजीत उतरला आहे. नुसती लाल रेघ मारून ही चूक जात नाही. फळ्यावर ‘जरी ऊन होते, तरी आम्ही खेळलो’ लिहावे, ‘तरी’ला चौकट करावी आणि सांगावे : मराठीत जिथे तरी, तर, तेव्हा, म्हणून येतात, तिथे इंग्रजीत स्वल्पविराम बसतो. शब्द जातो, जागा राहते. ‘इफ’नंतर ‘देन’ आले तर ते चूक धरू नये. इंग्रजीत ते चालते.

दुसरी अडचण याच्या उलट. मराठीत आपण ‘घंटा झाल्यावर आम्ही बाहेर आलो’ असे म्हणतो. त्यात वेगळे उपवाक्यच नाही. अशा वाक्याचे आधी ‘जेव्हा घंटा झाली, तेव्हा…’ असे मराठीतच रूपांतर करून घेतले की इंग्रजी उपवाक्य सहज जमते.

काळाचीही एक गाठ आहे. ‘इफ इट विल रेन’ हे ‘पाऊस येईल तर’ची सावली आहे. वेळ आणि अट सांगणाऱ्या उपवाक्यात इंग्रजी वर्तमानकाळ ठेवते; भविष्यकाळ फक्त मुख्य उपवाक्यात : ‘इफ इट रेन्स, वी विल स्टे होम’.

विशेषण आणि नाम उपवाक्ये

विशेषण उपवाक्य नामाबद्दल माहिती देते. ‘जो मुलगा महालात (नागपुरातल्या महाल या वस्तीत) राहतो, तो माझा मित्र आहे’ याचे ‘विच बॉय लिव्ज इन महाल, ही इज माय फ्रेंड’ होते. नीट वाक्य ‘द बॉय हू लिव्ज इन महाल इज माय फ्रेंड’. इथे मुले ‘इज’ गाळतात किंवा मध्ये ‘ही’ घालतात. ‘हू लिव्ज इन महाल’वर तळहात ठेवून उरलेले वाचायला लावावे, ‘द बॉय इज माय फ्रेंड’ ऐकू आले तर वाक्य शाबूत.

नाम उपवाक्य, म्हणजे नामाच्या जागी येणारे उपवाक्य, सर्वांत शेवटी, शक्यतो आठवीत घ्यावे. ‘ही सेड दॅट ही वॉज टायर्ड’ यात ‘एकटे उभे राहते का’ ही कसोटी पडते, कारण उरलेले ‘ही सेड’ अर्धवटच वाटते. इथे उपवाक्याच्या जागी ‘समथिंग’ घालून पाहावे. नागपुरी बोलीतले ‘तो म्हणे का मी येतो’ जसेच्या तसे नेले की ‘ही सेड दॅट आय अ‍ॅम कमिंग’ होते आणि येणारा माणूसच बदलतो. ‘आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव’ हीसुद्धा याच घटकातली चूक : उपवाक्यात प्रश्नाची रचना राहत नाही, ‘व्हेअर ही लिव्ज’ होते.

तपासणी

नुसते अधोरेखन करून घेतल्याने समज कळत नाही. ‘फुटाळा लेक वॉज फुल’ एवढेच देऊन ते ‘बिकॉज’, ‘दो’ आणि ‘सो’ने तीनदा पुरे करायला सांगावे. तिन्ही वेळा अर्थ वेगळा व्हावा लागतो, म्हणून पाठांतर कामी येत नाही. शिवाय ‘सो’चे वाक्य संयुक्त आहे, मिश्र नाही, हेही मुलांकडूनच काढून घेता येते. वहीत ‘बिकॉज इट वॉज लेट.’ एवढेच लिहिलेले दिसले तर मुख्य उपवाक्य मागावे. वर्गात ‘व्हाय?’ला तोंडी हेच उत्तर आले तर मात्र ते बरोबर धरावे. तिथे मुख्य उपवाक्य प्रश्नातच येऊन गेलेले असते.