टॅरंटुला : पाळीव मादीचा स्वभाव व आयुर्मान

थेराफोसिडी या कुलातील मोठ्या, केसाळ कोळ्यांना सामान्यतः टॅरंटुला म्हणतात. या कुलातील एक हजाराहून अधिक जातींचे वर्णन आजवर झाले असून हौसेने पाळल्या जाणाऱ्या जाती त्यांतील मोजक्याच आहेत. पाळणाऱ्यांची पसंती बहुतेक वेळा मादीला असते. नर प्रौढ झाल्यावर काही महिन्यांत, फार तर एकदोन वर्षांत मरतो. मादी मात्र अनेक जातींत दोन दशके किंवा त्याहूनही अधिक जगते. प्रस्तुत नोंद प्रौढ मादीपुरती मर्यादित आहे. तिचा स्वभाव आणि तिचे आयुर्मान हे विषय सहसा वेगवेगळे मांडले जातात. परंतु प्रौढ झाल्यावरही ती कात टाकत राहते, या एका शरीरधर्माशी दोन्ही विषय बांधलेले असल्याने येथे ते एकत्र घेतले आहेत.

नाव : ‘टॅरंटुला’ हे नाव दक्षिण इटलीतील तारांतो या शहरावरून पडले, याबद्दल वाद नाही. ते मुळात कोणत्या कोळ्याचे, याबद्दल आहे. त्या भागात साधारण १५ व्या ते १७ व्या शतकांत (काहींच्या मते त्याही आधीपासून) अशी समजूत होती, की कोळी चावलेला माणूस खिन्न होतो, तळमळतो आणि घाम निथळेपर्यंत नाचल्याशिवाय बरा होत नाही. टॅरंटेला या नृत्यप्रकाराचे नाते याच समजुतीशी जोडले जाते. स्वीडिश वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनीअसने १७५८ मध्ये ज्याला हे जातिनाम दिले तो लांडगा-कोळी होय. आज तो लायकोसा टॅरंटुला या नावाने ओळखला जातो. त्याचा दंश मात्र सौम्य असतो. जुन्या वर्णनांतील स्नायूंत येणारे गोळे, घाम व अस्वस्थता ही लक्षणे त्याच प्रदेशातील लॅट्रोडेक्टस वंशातल्या, काळ्या अंगावर तांबडे ठिपके असलेल्या लहान कोळ्याच्या दंशाशी अधिक जुळतात. शेतात नजरेत भरायचा मोठा कोळी, चावायचा लहान, आणि आळ मात्र मोठ्यावर यायचा, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. पुढे युरोपीय लोकांनी अमेरिका खंडातील आणखी मोठ्या केसाळ कोळ्यांना हेच नाव लावले. अशा रीतीने ज्या कुलाला आज हे नाव चिकटले आहे त्याचा मूळ कथेशी संबंध नाही. क्रूरपणाची कीर्ती तेवढी नावाबरोबर आली.

मादीची ओळख : पिलावस्थेत नर-मादी बाहेरून सारखेच दिसतात. प्रौढ नराच्या पादमृशांच्या (तोंडालगतच्या आखूड पायांसारख्या अवयवांच्या) टोकाला शुक्र साठवणारे फुगीर कंद येतात आणि अनेक वंशांत पुढच्या पायांवर आकडे येतात. मादीत असा बाह्य बदल होत नाही. खात्रीची परीक्षा टाकलेल्या कातीवरून होते. कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून कात भिजवली, की चुरगळलेले उदराचे कातडे हळूहळू उलगडते. त्याच्या आतल्या बाजूस पुस्तक-फुप्फुसांचे (पानांसारख्या थरांच्या श्वसनेंद्रियांचे) चार फिकट, पापुद्र्यांचे ठिपके दिसतात. पुढच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये, जननरंध्राच्या आडव्या खाचेलगत लहानशी घडी किंवा दोन बोंडे उभी असतील तर ती शुक्रग्राहिका (नराचे शुक्र साठवणारा अवयव), म्हणजे कात मादीची. तिचा आकार वंशानुसार बदलतो व वर्गीकरणातही त्याचा आधार घेतात.

निर्मोचन (कात टाकणे) : नर प्रौढ होताना टाकतो ती कात साधारणतः शेवटची असते. मादीचे तसे नाही. प्रौढपणी ती बहुतेक जातींत वर्षाकाठी एकदा, मोठ्या व संथ वाढीच्या जातींत दोन किंवा अधिक वर्षांनी एकदा कात टाकते. त्याआधी ती खाणे सोडते. रंग मळकट होतो. उदरावर टक्कल पडलेले असेल तर तेथील कातडी काळपट दिसू लागते. खाली नवे केस तयार झाल्याची ती खूण होय. मग ती रेशमी धाग्यांची चादर विणते आणि तिच्यावर उताणी होते. पाठीवरची ढाल कडेने सुटून झाकणासारखी उघडते आणि जुन्या पायांतून नवे पाय लयीत, थोडेथोडे बाहेर ओढले जातात. प्रौढ मादीला यास काही तास लागतात. नवे विषदंत प्रथम पांढरे, मग तांबूस आणि कित्येक दिवसांनी काळे होतात. ते कडक होईपर्यंत ती खाऊ शकत नाही.

नवखे पाळणारे या उताण्या मादीला मेलेली समजतात आणि हलवून पाहतात. ही चूक तिच्या जिवावर बेतू शकते. मरणारा टॅरंटुला सहसा पालथाच असतो व त्याचे पाय पोटाखाली मुडपलेले असतात. पाय ताठ करण्यासाठी या प्राण्यांकडे पुरेसे स्नायू नसतात. रक्तद्रवाच्या दाबाने पाय सरळ होतात आणि दाब गेला की ते आखडतात. याच काळात पेटीत विसरलेला एखादा जिवंत नाकतोडाही मऊ पडलेल्या मादीला कुरतडू शकतो.

कातीबरोबर केवळ बाहेरचे कवच जात नाही. अन्नमार्गाच्या पुढच्या भागाचे, पुस्तक-फुप्फुसांचे आणि शुक्रग्राहिकेचे अस्तरही निघते. त्यामुळे आधीच्या मीलनातून साठवलेले शुक्र जाते व अंडी फलित होण्यासाठी मादीला पुन्हा नराची गरज पडते. तुटलेला पाय एकदोन कातींत परत येतो. झडलेले केस नवे येतात. वयाच्या दिसणाऱ्या खुणा अशा रीतीने प्रत्येक वेळी पुसल्या जातात, आणि आयुर्मानाविषयीचा सगळा घोळ येथूनच सुरू होतो.

आयुर्मान : टॅरंटुलाचे वय बघून सांगता येत नाही. झाडाच्या खोडातल्यासारखी वर्षवलये तिच्या अंगात नसतात. आठ वर्षांची मादी आणि अठरा वर्षांची मादी, दोघींनी नुकतीच कात टाकली असेल तर, सारख्याच टवटवीत दिसतात. म्हणून वयाचा कोणताही आकडा वाचताना तो कोठून मोजला, हे आधी पाहावे लागते. गेल्या शतकाच्या अखेरीस चिलीमधून गुलाबी छटेच्या ग्रॅमोस्टोला माद्या मोठ्या संख्येने परदेशी गेल्या. त्यांतील बहुतेक रानातून पकडलेल्या व आधीच पूर्ण वाढलेल्या होत्या. अशी मादी एखाद्याकडे पंधरा वर्षे जगली, तर पंधरा हा तिच्या वयाचा किमान आकडा ठरतो. घरी येण्यापूर्वीची वर्षे हिशेबात नसतात. उलट बाजूने, पिलापासून मोजलेले वय पक्के असले तरी भरपूर अन्न व उबदार हवेत वाढलेल्या मादीचे असल्याने ते रानातल्या आयुष्याला जसेच्या तसे लागू पडत नाही.

दुसरा घोळ नावांचा आहे. तांबड्या गुडघ्यांची मेक्सिकन मादी दीर्घकाळ ब्रॅकिपेल्मा स्मिथी म्हणून पाळली गेली. मेंडोझा व फ्रांके या संशोधकांनी २०१७ मध्ये या गटाची फेरतपासणी केल्यावर, पाळलेले बहुतांश कोळी ब्रॅकिपेल्मा हॅमोरी या जवळच्या जातीचे असल्याचे मानले जाऊ लागले. जुन्या ग्रंथांत स्मिथीच्या नावावर असलेले वयाचे आकडे त्यामुळे बहुधा हॅमोरीचे समजावेत. चिलीच्या गुलाबी मादीबाबतही ग्रॅमोस्टोला रोझिया व ग्रॅमोस्टोला पोर्तेरी या नावांचा गुंता पूर्ण सुटलेला नाही.

ही सावधगिरी राखून असे म्हणता येते, की ब्रॅकिपेल्मा, ग्रॅमोस्टोला व अफोनोपेल्मा या संथ वाढीच्या वंशांतील माद्या वीस वर्षांच्या पुढे सहज जातात. तीस वर्षांच्या आसपासचे दावेही अविश्वसनीय नाहीत. आर्कान्सॉ विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ विल्यम बेर्ग यांनी स्थानिक टॅरंटुलांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. त्यांचे १९५८ मधील पुस्तक आजही आधारभूत मानतात. तेथील कोळ्यांना प्रौढ व्हायलाच सुमारे दहा वर्षे लागतात, हे त्यांच्या निरीक्षणातून पुढे आले. दक्षिण अमेरिकेतील थेराफोसा ब्लाँडी ही पायांच्या टोकांपर्यंत सुमारे २८-३० सेंमी. पसरणारी मादी आकाराने सर्वांत मोठ्या जातींत गणली जाते, पण आयुष्याने सर्वांत दीर्घ नव्हे. वृक्षवासी जाती लवकर वाढतात व लवकर संपतात; अ‍ॅव्हिक्युलेरिया किंवा सॅल्मोपियसची मादी दहा-बारा वर्षे जगली तर ते चांगले आयुष्य मानावे. भरपूर खाऊ घालून वाढ घाईने उरकली तर एकूण आयुष्य घटते, असे अनेक अनुभवी पाळणारे सांगतात. नरांबाबत ते पटण्यासारखे आहे, कारण प्रौढत्व लवकर आले की मरणही लवकर येते. मादीबाबत तेवढ्या ठामपणे ते म्हणता येत नाही.

रानातील अचूक नोंद हवी असेल तर टॅरंटुलाच्या कुलाबाहेर, त्याच अधोगणातील झाकण-कोळ्यांकडे (बिळाला झाकण लावणाऱ्या कोळ्यांकडे) पाहावे लागते. कोळ्यांच्या अभ्यासक बार्बरा यॉर्क मेन यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियात १९७४ पासून गेयस व्हिलोसस जातीच्या बिळांवर क्रमांक लावून नोंदी ठेवल्या. त्यांतील सोळाव्या क्रमांकाची मादी त्याच एका बिळात राहिली. २०१६ मध्ये बिळाचे झाकण भेदलेले आढळले. परजीवी गांधीलमाशीने तिचा बळी घेतला असावा. तेव्हा ती ४३ वर्षांची होती. आजवर नोंदलेले कोळ्याचे हे सर्वाधिक वय होय. ही मादी टॅरंटुला नव्हे हे खरे; पण बिळात बसून जगणाऱ्या, कमी हालचालीच्या, कमी ऊर्जेवर भागवणाऱ्या मादीला किती आयुष्य लाभू शकते याचा एवढा स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

म्हातारपणी दोन कातींमधील अंतर वाढते, उदर सुरकुतते, पाय अडखळतात. अनेक वृद्ध माद्या कात टाकतानाच अडकून मरतात. जे कृत्य तिला पुन्हा पुन्हा नवी करते, त्यालाच लागणारे बळ अखेरीस उरत नाही.

स्वभाव : पाळीव प्राण्यांच्या संदर्भात स्वभाव म्हणजे माणसाशी वागणे. टॅरंटुलाबाबत हा अर्थ लागू पडत नाही. तिला आठ डोळे असले तरी नजर अधू असते. पायांवरचे सूक्ष्म केस जमिनीचे कंप आणि हवेची झुळूक टिपतात, आणि पावलांनी ती चवही घेते. पेटीचे झाकण उघडले की तिला जाणवते ती थरथर आणि हवेचा झोत. मालक ओळखण्याइतकी माहिती त्यांत नसते. वारंवार हाताळल्याने ती माणसाळत नाही. फार तर एखाद्या निरुपद्रवी स्पर्शाला प्रतिसाद देणे कमी करते. उंचावरून पडल्यास तिचे पातळ कातडीचे उदर फुटते, म्हणून हाताळण्यात तिचा फायदा नाही, धोका मात्र आहे.

‘आक्रमक’ हा शब्दही तिला नीट बसत नाही. मादी अंगावर धावून जाते ते सहसा भक्ष्य समजून, किंवा पळायला जागा नसते तेव्हा. बहुतेक वेळा ती पायऱ्या चढल्यासारखा इशारा वाढवते : प्रथम अंग चोरते, मग बिळाकडे जाते, मग पुढचे पाय उचलून विषदंत दाखवते, आणि चावणे सर्वांत शेवटी येते. अमेरिका खंडातील बहुसंख्य जाती मागच्या पायांनी उदर घासून दाहक केसांचा धुरळा उडवतात. या केसांचे सात प्रकार वर्णिलेले आहेत. त्वचेवर त्यांनी खाज सुटते. डोळ्यात गेल्यास मात्र ते बुबुळात रुतून दीर्घकाळ दाह करतात. आफ्रिका व आशियातील जातींकडे हे शस्त्र नसते. त्या वेगाने पळतात आणि चटकन चावतात. पूर्व आफ्रिकेतील टेरिनोकिलस म्युरिनसची मादी याबद्दल कुप्रसिद्ध आहे. टॅरंटुलाच्या दंशाने माणूस दगावल्याची खात्रीलायक नोंद नाही, तथापि पोइसिलोथेरिया वंशाच्या दंशानंतर स्नायूंत येणारे गोळे कित्येक दिवस छळतात. ऑस्ट्रेलियातील जातींच्या दंशाने कुत्रे मेल्याच्या नोंदी २००३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्याच जातींच्या दंशांतून माणसे मात्र बरी झाली.

जातीवरून स्वभावाचा अंदाज येतो, खात्री नाही. ब्राझील व उरुग्वेमधील काळीभोर ग्रॅमोस्टोला पुल्क्रा शांत म्हणून नावाजलेली आहे. तिचीच चिलीयन बहीण वर्षभर ढिम्म बसून एके दिवशी पाण्याच्या वाटीवर झडप घालते. एकाच मादीचे वागणेही कातीच्या चक्राबरोबर फिरते. कात जवळ आली की ती एकलकोंडी व बिथरलेली असते, कात टाकल्यावर काही दिवस भित्री असते, आणि विषदंत काळे झाले की भुकेने धीट होते. अंड्यांची पिशवी राखणारी मादी कोणत्याही जातीची असो, तिला डिवचू नये. एका कातीनंतर स्वभाव कायमचा पालटला, असे अनेक पाळणारे सांगतात. स्पर्श टिपणारे सगळे केस कातीत नवे होतात, तेव्हा ते अशक्य नाही. मात्र एकट्या मालकाच्या आठवणीवर त्याचा निर्णय होऊ नये. कातीच्या तारखा, उपवासाचे दिवस आणि दिलेले इशारे यांची वही ठेवणाऱ्यांच्या नोंदी येथे अधिक मोलाच्या आहेत.

व्यापाराचे नियमन : ब्रॅकिपेल्मा स्मिथीचा समावेश वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात (नियंत्रित व्यापाराच्या यादीत) १९८५ मध्ये झाला व पुढे संपूर्ण वंशच त्यात आला. माद्या सावकाश प्रौढ होत असल्याने पकडलेल्या माद्यांची उणीव भरून यायला वर्षे लागतात, हे त्यामागचे मोठे कारण. भारत व श्रीलंकेत आढळणारा पोइसिलोथेरिया हा वंश २०१९ मध्ये त्याच परिशिष्टात आला. त्यातील निळ्या झळाळीची पो. मेटॅलिका ही जाती ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी १८९९ मध्ये आंध्रातील गुत्ती येथे, रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडलेल्या नमुन्यावरून वर्णिली. त्यानंतर शतकभर ती कोणाला दिसली नाही. २००१ मध्ये नंद्याल व गिद्दलूर यांमधील जंगलात, जुन्या झाडांच्या ढोलींत ती पुन्हा आढळली. पाळलेली मादी साधारण दहा-बारा वर्षे जगते.