‘प्रदेश’ नावाचा रकाना : डिजिटल वाङ्मयेतिहासाची पार्श्वभूमी

१९४९ च्या सुमारास इटलीतल्या एका धर्मगुरूने मध्ययुगीन लॅटिन ग्रंथांची शब्दसूची छिद्रं पाडलेल्या कार्डांवर करायला घेतली. १९७१ मध्ये ई-पुस्तकं आली, १९८७ पासून संहितेला (कुठे शीर्षक, कुठे ओळ, हे संगणकाला कळावं म्हणून) खुणा लावण्याचे सामाईक नियम ठरू लागले. या सगळ्यात भर संहितेवर होता. लेखक कुठला, हा प्रश्न खरा पेटला तो लेखक-पुस्तकांच्या नोंदी संगणकावर रकान्यांत भरून नकाशावर मांडायची वेळ आली तेव्हा.

छापील वाङ्मयेतिहास लिहिणारा एका परिच्छेदात सांभाळून घ्यायचा : जन्म इथला, शिक्षण तिथलं, लिहिलं भलतीकडेच. रकान्याला तसं जमत नाही. त्यात एकच उत्तर बसतं. म्हणून अनेक ठिकाणी ग्रंथालयाच्या कार्डावरचं प्रकाशनस्थळच ‘प्रदेश’ म्हणून उतरवलं गेलं. ते पुस्तकावर छापलेलंच असतं, त्यावर वाद होत नाही. सोयीपोटी घेतलेला हा निर्णय माझ्या मते या कामाला सगळ्यात महाग पडला.

एकच उदाहरण घ्या. १८८३ मध्ये प्रागमध्ये जन्मलेला, जर्मनमध्ये लिहिणारा कथाकार फ्रान्झ काफ्का. जन्मला तेव्हा प्राग ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, १९१८ नंतर चेकोस्लोव्हाकियात गेलं. तो वारला १९२४ मध्ये, व्हिएन्नाजवळ. पहिलं पुस्तक लाइपझिगला निघालं. मृत्यूनंतर कादंबऱ्या आल्या त्या बर्लिन आणि म्युनिकहून. प्रकाशनस्थळ धरलं तर या पुस्तकांचा एकही ठिपका प्रागवर पडत नाही. भाषा धरली तर तो जर्मन, आजची सीमा धरली तर चेक. आणि ज्या शहरात त्याने जवळपास सगळं आयुष्य काढलं, ते नकाशावर कोरं!

अलीकडे जन्मस्थळ, वास्तव्य, लेखनाची भाषा, प्रकाशनस्थळ असे वेगळे रकाने करतात आणि प्रत्येकाला साल जोडतात. २०१२ पासून खुल्या, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या डेटासंचांमुळे हे बरंच सोपं झालं. जुन्या नोंदी मात्र हाताने उकलाव्या लागतात, आणि स्थलांतरित लेखकांच्या बाबतीत हे काम फार चिकाटीचं आहे.

मौखिक साहित्याला तर प्रकाशनस्थळच नसतं. तिथे जुन्या नोंदींत बहुधा संकलकाचं नाव आणि संग्रह छापला ते शहर सापडतं. गाणारी कोण, कुठल्या गावची, हे कळलंच तर प्रस्तावनेतल्या एखाद्या ओळीतून कळतं, आणि ती ओळ शोधायला पुन्हा छापील पुस्तकच उघडावं लागतं.